नाटकातील पात्रयोजना आणि आपला समाज
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंतांचा सत्कार, वधू-वर परिचय आणि स्नेहभोजन यांच्या जोडीस संमेलनात एक नाटक असावे, अशी इच्छा जालना जिल्ह्यातील अनेक ज्ञातिबांधव बोलून दाखवितात. इच्छा स्तुत्य आहे. परंतु नाटकाचे ठरले की पहिला वाद उत्पन्न होतो तो भूमिकांच्या वाटपाचा. नाटक कसे होणार याचा निम्मा निकाल तेथेच लागतो. आणि समाजाचे मन केवढे आहे याचा तर पुरताच निकाल लागतो. म्हणून आज या एकाच विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

सोंग घेणे आपल्या भूमीस नवे नाही. आपले अंबड आणि घनसावंगी हे तालुके ज्या गोदावरीच्या काठी आहेत, त्याच काठावर पैठणास सोळाव्या शतकात एकनाथमहाराज होऊन गेले. त्यांनी भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी उभे केले. 'जोहारां'त तर ते महाराच्या मुखाने बोलले. कुळाचा अभिमान बाजूस ठेवून दुसऱ्याच्या जागी उभे राहणे, हेच नटाचे पहिले कर्तव्य होय. ज्यास आपले घराणे रंगपटाच्या दाराबाहेर ठेवता येत नाही, त्याने खुशाल प्रेक्षकांत बसावे.

आता व्यवहाराकडे वळू. भूमिका ठरविण्यापूर्वी सर्व इच्छुकांसमोर संपूर्ण नाटकाचे वाचन व्हावे. नंतर प्रत्येकाकडून दोन-तीन निरनिराळ्या भूमिकांचे उतारे मोठ्याने वाचून घ्यावेत. दिग्दर्शकाने त्या वेळी चेहऱ्यापेक्षा आवाज, शब्दोच्चार आणि समोरच्याचे ऐकून बोलण्याची सवय यांकडे लक्ष द्यावे. दाढी, मिशी, वार्धक्य ही रंगभूषेने येतात. कान उसना मिळत नाही. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा आठ तालुक्यांतून मंडळी यावयाची, तर तालमीस कोण नियमाने येऊ शकेल हेही आधीच विचारावे. कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी ऐन भरात असता शेतकऱ्याने महिनाभर रोज सायंकाळी यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मुख्य भूमिकेस एक पर्यायी नट तयार ठेवावा, म्हणजे आयत्या वेळी धावपळ होत नाही.

पहिला अडथळा प्रतिष्ठेचा. मोठी वर्गणी देणाऱ्याच्या चिरंजीवांस नायक करावे आणि ज्याचा आवाज खणखणीत आहे त्या होतकरू मुलाच्या हाती भालदाराची काठी द्यावी, असे प्रकार सर्वच समाजांत घडतात. देणगीदाराचे नाव स्मरणिकेत ठळक अक्षरांत छापावे. तो त्याचा मान आहे. भूमिका मात्र देणगीची पावती नव्हे. आणि लहान भूमिका म्हणजे अपमान, हाही भ्रम आहे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तळीराम नायक नाही. पण प्रेक्षक त्याला विसरत नाहीत. त्याच नाटकात १९१९ साली गणपतराव बोडसांनी दारूने धुळीस मिळालेला सुधाकर उभा केला, म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेस बाध आला नाही. उलट ती वाढली. तेव्हा "मी खलनायक होणार नाही, सोयरे काय म्हणतील?" असे म्हणणाऱ्याने याचा विचार करावा.

वय झाले तरी नायकाची भूमिका न सोडणाऱ्या ज्येष्ठांस भाऊराव कोल्हटकरांचे उदाहरण सांगावेसे वाटते. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या 'सौभद्रा'त सुभद्रा होऊन त्यांनी महाराष्ट्रास वेड लावले. पुढे काळ ओळखून तेच १८९९ च्या 'शारदा' नाटकात कोदंड झाले.

दुसरा आणि खरा अडथळा आमच्या भगिनींच्या बाबतीत आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पाया घातला, तेव्हापासून दीर्घकाळ स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांसारखा कलावंत त्या प्रथेतूनच झाला. परंतु १ जुलै १९३३ रोजी 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आली आणि तीत ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, या गोष्टीस आता नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. आमच्या मुली आज डॉक्टर होतात, बँकेत अधिकारी होतात, ग्रामपंचायतीचा कारभार पाहतात. नाटकात काम करण्याची गोष्ट निघाली की मात्र घरातून उत्तर येते, "लग्न व्हावयाचे आहे, उगाच बोभाटा नको." मग परगावाहून मानधन देऊन नटी आणावयाची, तिच्या कामास टाळ्या वाजवावयाच्या आणि आपल्या घरच्या गुणी मुलीस पडद्यामागे पोशाख सांभाळावयास बसवावयाचे! दुसऱ्याच्या लेकीस जे शोभते ते आपल्या लेकीस का शोभू नये? आम्हांस हा प्रश्न नाटकाचा वाटत नाही, न्यायाचा वाटतो.

पालकांची काळजी मात्र आम्ही खोटी मानीत नाही. तिचे उत्तर व्यवस्थेने द्यावे. तालीम ठरल्या वेळी सुरू होऊन ठरल्या वेळी संपावी, एखादी वडीलधारी स्त्री तेथे उपस्थित असावी, स्त्रियांस स्वतंत्र रंगपट असावा आणि प्रत्येकीस घरी सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी कार्यकारिणीने घ्यावी. एवढे केल्यावरही कोणी नकार देईल, तर तो काळजीचा नसून रूढीचा आहे असे समजावे.

शेवटी एक गोष्ट, जी काहींस रुचणार नाही. एखाद्या भूमिकेस योग्य व्यक्ती आपल्यात नसेल आणि शेजारच्या समाजात असेल, तर तिला आदराने बोलवावे. नाटकातील नाते तीन तासांचे असते. त्यासाठी कुळ-गोत्र पाहण्याचे कारण नाही. आणि त्या तीन तासांचा स्नेह पुढेही टिकला, तर त्यात आपले नुकसान काय?

म्हणून आमची कार्यकारिणीस विनंती आहे की, पुढील संमेलनाच्या नाटकाचे पहिले वाचन सर्वांस खुले ठेवावे, निवड दिग्दर्शकावर सोपवावी आणि तिच्यात कोणीही, आम्हीसुद्धा, हस्तक्षेप करू नये. जो समाज आपल्या लेकरांतील गुण ओळखून त्यांस योग्य जागी उभे करतो, त्यासच पुढे कर्ती माणसे लाभतात.