लाजेपायी लपविलेले दुखणे

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही डॉक्टरीण नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. पण मूळव्याधीवर बोलायचे मी मुद्दाम मागून घेतले. कारण हे दुखणे मी दोन वर्षे लपविले.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सर्वांनाच असतात. त्या फुगून खाली सरकल्या की मूळव्याध होते. आयुर्वेदात हिलाच अर्श म्हणतात. आतले मोड बहुधा दुखत नाहीत. शौचाच्या वेळी लालभडक रक्त मात्र पडते. बाहेरचे मोड खाजतात, आणि त्यांत रक्त गोठले तर धड बसूही देत नाहीत.

मुख्य कारण मलावरोध आणि कुंथणे. गरोदरपणी पोटातल्या भारानेही मोड येतात. शिवाय आपणा बायकांची एक खोड आहे. सकाळी डबे, पाणी, मुलांची शाळा! "माझे काय, मागाहून जाईन," असे म्हणून आपण वेग थोपवितो. मळ आत सुकतो, मग कुंथावे लागते.

मला रक्त दिसे तेव्हा उष्णता समजून मी सब्जा घेई. सांगणार कोणाला? पुढे जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन साडेसात! डॉक्टरीणबाईंनी एवढेच विचारले, "इतके दिवस लाज कोणाची धरलीत?" मला उत्तर देता आले नाही.

त्यांनी सांगितलेले उपाय साधे होते. कोंड्यासकट पिठाची पोळी, भाकरी, पालेभाजी, फळे खावी. पाणी भरपूर प्यावे. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसावे. वेग आला की उठावे, आणि आत फोन घेऊन बसू नये. पुष्कळांना एवढ्याने आराम पडतो. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

मात्र रक्त दिसले म्हणजे मूळव्याधच, असे घरच्या घरी ठरवू नका. शौचाची नेहमीची सवय बदलली, मळ डांबरासारखा काळा झाला, वजन घटले, तर आतड्याचा कर्करोगही असू शकतो. ते तपासल्यावाचून कळत नाही. भिंतीवरची जाहिरात वाचून कोणाकडेही जाऊ नका.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर सासूबाईंना, लेकीसुनांना एकदा मायेने विचारा. कोणीतरी विचारील याची वाट मीही पाहत होते.