कल्पनेच्या लेखिकेला काय हवे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांविषयी बोलणार आहे. हा तर पुरुषांचा प्रांत, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कुणाच्या मनात येईल. पण आपल्या देशातील या प्रकारच्या आरंभीच्या कथांपैकी एक स्त्रीने लिहिली आणि स्त्रियांच्याच मासिकाने छापली. रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाचे स्वप्न’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली. तिच्यात बायका उन्हाच्या शक्तीवर स्वयंपाक करतात, ढगांतून पाणी ओढून घेतात, आणि पुरुष पडद्याआड घर सांभाळतात! रोकेयांना थोरल्या भावाने इंग्रजी शिकवले, पतीने उत्तेजन दिले आणि कमला सत्यनाथन् यांच्या संपादनाखालच्या मासिकाने जागा दिली. प्रतिभा त्यांची स्वतःची. पण ती वाचकांपर्यंत पोचायला हे तीन आधार लागले.

आता दूरचे एक उदाहरण पाहा. अमेरिकेत ऑक्टेव्हिया बटलर ही कृष्णवर्णीय मुलगी वाढली. वडील लहानपणीच गेले. आई लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करी. मुलीचे लिखाण पाहण्यासाठी एका दलालाने शुल्क मागितले आणि त्या माउलीने महिन्याच्या घरभाड्याहून अधिक रक्कम भरली. हाती काहीच आले नाही. पुढे १९७० साली बटलर ‘क्लॅरिअन’ नावाच्या कार्यशाळेत गेली. तेथे सहा आठवडे नवे लेखक एकमेकांच्या कथा वाचतात, दोष दाखवतात. जाणते लेखक शिकवतात. तेथे तिच्या पहिल्या कथा विकल्या गेल्या. त्यानंतरही काही वर्षे काहीच खपले नाही. रात्री दोनला उठून ती लिही आणि दिवसा मिळेल ते काम करी. पहिली कादंबरी १९७६ साली आली, आणि १९९५ साली तिला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

अशा लेखकांनी तिकडे १९६५ साली आपला संघ काढला. करारातील अटी समजावणे, प्रकाशकाशी तंटा झाल्यास बाजू घेणे, आजारपणात पैशाची मदत करणे, ही कामे तो करतो. फसव्या दलालांविषयी सावध करणारी शाखाही १९९८ पासून त्याच्या पाठिंब्याने चालते. त्यांचा साधा नियम पदराला गाठ मारून ठेवावा: पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे यावा, उलटा जाऊ नये.

आपल्याकडे काय आहे? १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा तिकडे पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून गणितज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी ती आपल्या हाताने लिहून काढली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. थोर शास्त्रज्ञाला आपले नाव झाकून कथेची पारख करून घ्यावीशी वाटली. मग ज्या गृहिणीचे नाव मुळातच कुणाला ठाऊक नाही, तिला अशी स्पर्धा किती मोलाची! तेथे नावाचे वजन पडत नाही, कथेचे पडते.

मात्र स्पर्धेपूर्वी कथा कुणीतरी ऐकावी लागते. ते काम आपल्या हातचे आहे. माझ्या तीन सूचना आहेत. एक, महिन्यातून एक दुपार भगिनींनी नवे लिखाण वाचून दाखवावे. ऐकताना ‘असे कधी घडते का?’ असे विचारू नये. ‘कथेने स्वतः घातलेले नियम शेवटपर्यंत पाळले का?’ असे विचारावे. दोन, स्पर्धांच्या मुदती आणि दिवाळी अंकांचे पत्ते एका वहीत उतरवून ती वही मंडळाच्या कपाटात ठेवावी. तीन, पुस्तक छापून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर सही करण्यापूर्वी तो कागद जाणत्या भगिनीला दाखवावा.

यासाठी फारसा खर्च नाही. डब्याच्या, शाळेच्या, पाहुण्यांच्या धबडग्यातून एखादीने चोरून चार पाने लिहिली असतील, तर ती पीठाच्या डब्याखाली राहू नयेत, एवढीच माझी इच्छा. पहिली दुपार कोणती, हे कार्यकारिणीने आजच ठरवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.