अठरा पूर्ण झाल्यावर राहायचं कुठे?

प्राध्यापक, कॉलेजच्या ऑफिसातली मंडळी, हॉस्टेलचे रेक्टर असे बरेच जण आपल्याला ऐकतात. आजचा भाग मुद्दाम त्यांच्यासाठी.

बेघर विद्यार्थी म्हटलं की स्टेशनवर झोपणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. आपल्या वर्गातला बेघर मुलगा तसा दिसत नाही. तो नीटनेटका असतो, डबा नसला तरी 'भूक नाही' म्हणतो. मी बोलतेय ते बालगृहात वाढलेल्या मुलामुलींबद्दल. १८ वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ती 'बालक' राहत नाहीत, आणि बालगृहातली जागा सोडायची वेळ येते. आता हिशेब करा, अठरा पूर्ण कधी होतात? बारावीत, नाहीतर एफवायला. एका मुलाने मला सांगितलं होतं, "मॅडम, मी वाढदिवस कोणाला सांगतच नाही."

कायद्याने त्यांना अगदीच वाऱ्यावर सोडलंय असं नाही, हेही सांगायला हवं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती वयाच्या २१ वर्षांपर्यंत. केंद्राच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्यमधून महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. यातला 'शकतात' नीट ऐका. कलम ४६ सुद्धा आर्थिक मदत 'देता येईल' असंच म्हणतं, 'दिलीच पाहिजे' असं म्हणत नाही. म्हणजे अर्ज करा, हेलपाटे घाला. अठरा वर्षांच्या पोराला जिल्हा बाल संरक्षण कक्ष नावाचं काही असतं हे तरी कोण सांगणार?

शिवाय इंजिनिअरिंग चार वर्षांचं. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा २१ चा होतो तेव्हा शेवटचं वर्ष बाकी असतं. तिथे ती वाढीव दोन वर्षं मागायची, आणि अर्जाला कॉलेजचं पत्र जोडायचं. मुलगा शिकतोय, नियमित येतोय, अमुक महिन्यात कोर्स संपेल, एवढं लिहिलेलं पत्र. त्याने अर्जाला वजन येतं. तुम्हाला लागतो एक लेटरहेड आणि शिक्का.

२०१८ साली राज्य सरकारने अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण आणलं. फार चांगलं झालं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, ते महिला व बालविकास विभागाकडून मिळतं. मुलगा बालगृहात आहे तोवरच ते काढून ठेवलेलं बरं. बाहेर पडल्यावर जुनी कागदपत्रं गोळा करणं म्हणजे वैताग असतो. पण प्रवेश मिळाला म्हणजे राहायची सोय झाली असं नव्हे. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घ्यायची तर आधी डिपॉझिट मागतात, आणि मग पालकांचा फोन नंबर. दुसऱ्या प्रश्नावर ही मुलं अडतात, पैसे हातात असले तरी.

आपले फॉर्मही काही कमी नाहीत. 'कायमचा पत्ता', 'पालकांची सही'. रिकामं ठेवलं की खिडकीवरचा माणूस सगळ्या रांगेसमोर विचारतो, "वडील कुठेयत?" मला विचाराल तर या एका प्रश्नामुळे मुलं मदत मागायचंच सोडून देतात. कॉलेजने एक शिक्षक नेमावा, स्थानिक पालक म्हणून त्याची सही चालेल असं लेखी ठरवावं. यासाठी कुठलाही जीआर यायची वाट बघायला नको.

आणि सुट्ट्या! आपल्याला दिवाळी म्हणजे फराळ. हॉस्टेल रिकामं करायची नोटीस लागते, मेस बंद होते, पोरं बॅगा उचलून गावाला जातात. ज्याला गाव नाही तो मित्राच्या घरी जातो. एकदा जातो, दुसऱ्यांदा त्यालाच संकोच वाटतो. मे महिन्यात तर प्रश्न दीड-दोन महिन्यांचा असतो.

म्हणून रेक्टर मंडळींना एक सांगणं आहे. दिवाळीची नोटीस लावायच्या आधी कोणाला इथेच थांबायचंय ते विचारून घ्या. सगळ्यांसमोर नको, एकेकाला गाठून. दोन-तीन नावं निघतील. त्यांच्यासाठी एक खोली उघडी ठेवा, आणि मेसवाल्या काकांशी आधीच बोलून ठेवा.