चित्र पाहावे, पण वचन वाचून

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



पवित्र शास्त्र वाचताना नकाशांची आणि चित्रांची पुस्तके कशी वापरावी, हा आजचा विषय. ज्या शेजारणी ख्रिस्ती नाहीत, त्यांनीही तो परका मानू नये. ग्रंथातले कोणते आणि चित्रातले कोणते, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे.

शास्त्र मराठीत यावे म्हणून पुष्कळांनी कष्ट उपसले. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८११ साली मराठी नवा करार छापला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला, मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून, साध्या बायाबापड्यांना कळेल असे सगळे बायबल मराठीत केले. १९२२ साली त्या वारल्या, तोवर ते काम त्यांनी पुरे केले होते. शब्द असे आपल्या घरी आले. पण त्या शब्दांतले गाव, वाट आणि घर आपण पाहिलेले नाही. ते दाखवायला ही पुस्तके हवीत.

आधी नकाशा घेऊ. सातवीच्या भूगोलात नकाशा पाहायला शिकवतात, तेवढे ज्ञान पुरते. नासरेथ ते बेथलेहेम हे अंतर सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. वाटेने त्याहून बरेच जास्त. आपण चंद्रपूरहून नागपूरला पायी निघावे, तसा तो प्रवास. आणि मरिया गरोदर होती! शुभवर्तमानात हे एका ओळीत संपते, पण नकाशावर बोट फिरवले म्हणजे त्या ओळीचे वजन बाईमाणसाला लगेच कळते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात एक मनुष्य यरुशलेमेहून यरीहोस ‘खाली’ जात होता. खाली का? ही वाट सुमारे २५ किलोमीटरची, म्हणजे आपल्या चंद्रपूर-भद्रावतीएवढी. पण तेवढ्यात ती जवळजवळ १,००० मीटर उतरते, कारण यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. उघडे डोंगर, वळणाची वाट. लुटारूंना लपायला जागाच जागा.

गालीलाला समुद्र म्हणतात, पण तो गोड्या पाण्याचा तलाव आहे; २१ किलोमीटर लांब, १३ रुंद. तोही समुद्रसपाटीच्या खाली आणि भोवती डोंगर, म्हणून वारा एकाएकी खाली झेपावतो. शिष्य कोळी असूनही का घाबरले, ते यावरून समजते.

आता चित्रे. यांत दोन जाती आहेत, आणि त्या निवडता आल्या पाहिजेत. पहिली जात म्हणजे उत्खननात सापडलेल्या वस्तूंची. मातीचा दिवा पाहा. आपल्या पणतीहून फारसा मोठा नाही. तेल थोडे मावते, म्हणून दहा कुमारींपैकी पाच शहाण्यांनी वेगळे तेल नेले. जाते पाहा, दोघी दळत असतील, हे वचन आपल्या आजीला कोणी समजावून सांगायला नको.

दुसरी जात चित्रकाराच्या मनातली. ही सुंदर असतात, पण साक्षीला चालत नाहीत. भेटी घेऊन आलेले मागी चित्रात तीन असतात. मत्तय संख्या सांगत नाही. पौल घोड्यावरून पडताना दाखवतात. प्रेषितांच्या कृत्यांत घोड्याचे नाव नाही. हव्वेच्या हाती सफरचंद असते. उत्पत्तीत नुसते फळ आहे. लिओनार्दोच्या प्रसिद्ध चित्रात शेवटच्या भोजनाला सगळे उंच मेजापाशी बसले आहेत. त्या काळी अशा जेवणाला डाव्या कोपरावर रेलत असत. हे कळले म्हणजेच शिष्य प्रभूच्या उराशी टेकला होता, हे योहानाचे वाक्य उलगडते.

यात बिघडते काय, असे कोणी म्हणेल. भगिनींनो, आपल्या जंगलपट्टीतल्या खेड्यांत ज्या म्हातारीला अक्षर येत नाही, तिला चित्र हेच शास्त्र आहे. तिला गोरा चेहरा आणि निळे डोळेच दाखवले, तर हा साहेबाचा देव, असे तिने का म्हणू नये? वास्तविक ती भूमी आशियातली. तिथले जाते, दिवा, विहीर आपल्याच घरची वाटावी अशी. गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली. तेही मनातलेच चित्र आहे, पण गोरा चेहरा हाही मनातलाच, हे त्यावरून ध्यानात येते.

तेव्हा वाचनाच्या बैठकीत एक रीत पाळावी. आधी अध्याय मोठ्याने वाचावा. मग एकीने नकाशावर वाट दाखवावी. मग चित्र मधे ठेवून विचारावे, ‘यात वचनातले काय, आणि चित्रकाराचे काय?’ जिला वाचता येत नाही तिला पहिले उत्तर देऊ द्यावे. तिचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. महागडी पुस्तके नसली तरी अडत नाही. कित्येक बायबलांच्या शेवटी नकाशे असतात. ती पाने कोरी राहू देऊ नका, बोटांनी मळू द्या.