गाण्यांत राहिलेलें स्थलांतर

इ. स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनीं तंजावर घेतलें आणि १८५५ मध्यें तें राज्य खालसा झालें. शाळेच्या पुस्तकांत तंजावरचा इतिहास बहुधा एवढ्यांत आटोपतो. राजांच्या मागोमाग कावेरीकाठीं गेलेले कारकून, शिलेदार, पुराणिक, कीर्तनकार यांचें पुढें काय झालें, हें विद्यार्थ्यास कळत नाहीं. तें कळण्यास तंजावरी हरिकथेचा एक प्रयोग वर्गापुढें व्हावा.

प्रथम कांहींच न सांगतां मुलांना ऐकूं द्यावें. भागवतर तामिळ भाषेंत कथा सांगतो. हातांत चिपळ्या, साथीला मृदंग. शब्द मुलांना उमगत नाहींत. मग मध्येंच तो साकी किंवा दिंडी म्हणतो, आणि मराठी मुलांचे कान टवकारतात. चाल घरची, पेहराव परका! ही चाल येथें आली कशी, हा प्रश्न त्यांच्याच तोंडून निघाला कीं निम्मा पाठ झाला.

मराठी कीर्तन तंजावरांत राजाश्रयानें व मठांतून चालत आलेलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रामचंद्रबुवा मोरगांवकर यांच्या कीर्तनानें तेथील रसिक भारले गेले, आणि तंजावर कृष्ण भागवतर यांनीं त्याच घाटावर तामिळ हरिकथा उभी केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग त्यांनीं सोडले नाहींत. येथें शिक्षकानें घाई करूं नये. राज्य तर तेव्हां बुडालेलें होतें! सत्ता गेल्यावर कीर्तनाचें रोप फोफावलें, हें मुलांनीं स्वतः सनावळी मांडून ओळखावें.

देवघेव एकमार्गी नव्हती. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनीं पल्लकी सेवा प्रबंध हें गेय नाटक रचिलें तें तेलुगु भाषेंत.

मात्र चाल सारखी म्हणून समाज स्थलांतरित झालाच, असें अनुमान धाडसाचें होय. चाल एकटा प्रवासीहि घेऊन जातो. म्हणून बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्यें कोरलेल्या मराठी शिलालेखाचें चित्र त्याच दिवशीं दाखवावें.

तंजावरी मराठी कांहीं घरांत अद्याप बोलली जाते, पण ती लिहितां-वाचतां न येणारीं मुलें तेथें पुष्कळ. तिकडील शाळेंत असें एखादें मूल असल्यास त्याला आजीकडून शिकलेला अभंग म्हणावयास सांगावा. उच्चार तामिळी वळणाचा येईल. इतरांनीं हसावयाचें नाहीं, हें मात्र आधींच बजावून ठेवावें.