नकाशांची देवघेव

(शताब्दी महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या दालनात पाऊल टाकताच दृष्टीस पडतो तो देवघेव विभाग. कपाटांतील ग्रंथसंपदा कितीही मोलाची असो, ती या खिडकीतून बाहेर जाऊन वाचकांच्या हाती पडली, तरच ग्रंथालयाचे ग्रंथालयपण टिकते. नकाशांची गोष्ट याहून वेगळी नाही. शिवाय त्या गोष्टीतील काही महत्त्वाची पाने या हैदराबाद शहराशी निगडित आहेत.

१८०२ साली विल्यम लॅम्टन याने मद्रास येथे ज्या सर्वेक्षणाचा आरंभ केला, तेच पुढे हिंदुस्थानचे महा त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखले गेले. त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे काम उत्तरेकडे सरकत गेले. १८१८ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट लॅम्टनच्या मदतीस आला. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे जात असता आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्टनने देह ठेवला. तेथेच त्याची कबर आहे. पुढे १८३० मध्ये एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्याच्या आधारावर या देशाचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षे काढले गेले.

एव्हरेस्टच्या गणितात पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या, आज उपग्रहांसाठी वापरल्या जाणाऱ्या मापापेक्षा सुमारे ८६० मीटरने कमी आहे. यात एव्हरेस्टची चूक शोधणे अन्यायाचे ठरेल. त्याने पृथ्वी मोजली ती मुख्यतः हिंदुस्थानच्या भूमीवरून, आणि या भूमीला ते माप चांगले जुळते. अडचण येते ती दोन नकाशे एकमेकांवर ठेवताना. जुन्या नकाशावरील विहिरीचे अक्षांश-रेखांश रूपांतर न करता उपग्रहाच्या चित्रावर मांडले, तर ती विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसते.

पंचांग जाणणाऱ्यांना या अडचणीचे नवल वाटू नये. गोकुळाष्टमी महाराष्ट्रात श्रावण वद्य अष्टमीला येते. काशीकडचा मनुष्य त्याच दिवसाला भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतो. दिवस एकच, कृष्णजन्म एकच. फक्त एकाचा महिना अमान्त आणि दुसऱ्याचा पूर्णिमान्त. कोणत्या गणनेने तिथी दिली हे सांगितले, म्हणजे वाद मिटतो. नकाशाची माहिती दुसऱ्याच्या हाती देताना पहिला शिष्टाचार हाच, की ती कोणत्या गणनेने लिहिली आहे ते तिच्याबरोबरच सांगावे.

संगणक आले तेव्हा हे प्रश्न सुटतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांत भर पडली. १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने कॅनडात भूमीची माहिती संगणकावर साठवण्याचे काम सुरू झाले. त्यानंतर प्रत्येक संगणकप्रणालीने नकाशा साठवण्याची आपापली रीत ठरवली. एका खात्याची फाईल दुसऱ्या खात्याच्या संगणकावर उघडेना. एकाच गावाचे रस्ते एका कार्यालयात, पाण्याचे नळ दुसऱ्यात आणि विजेच्या तारा तिसऱ्यात, अशी स्थिती झाली. बिंदूचे अक्षांश आधी लिहायचे की रेखांश, याबाबतही एकवाक्यता नव्हती. हैदराबाद सुमारे १७.४ अंश उत्तर आणि ७८.५ अंश पूर्व येथे आहे. हे दोन आकडे उलटे वाचले गेले, तर हे शहर उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या बर्फात जाऊन पडते!

या गोंधळातून वाट काढण्यासाठी १९९४ मध्ये ओपन जीआयएस कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली. सर्वांनी एकच संगणकप्रणाली वापरावी असा आग्रह तिने धरला नाही. प्रणाली ज्याची त्याला लखलाभ असो, परंतु एकमेकांकडे माहिती मागण्याची आणि देण्याची भाषा समान असावी, एवढेच तिचे म्हणणे. २००० साली तिने ‘वेब मॅप सर्व्हिस’ नावाचा संकेत प्रसिद्ध केला. अमुक प्रदेशाचा, अमुक आकाराचा, अमुक थरांचा नकाशा हवा, असे दूरच्या संगणकाला विचारायचे. तो त्या नकाशाचे चित्र धाडतो. २००२ च्या ‘वेब फीचर सर्व्हिस’ने चित्राऐवजी मूळ माहितीच मागवण्याची सोय केली. पहिली रीत वाचनकक्षात बसून ग्रंथ चाळण्याची, तर दुसरी ग्रंथ घरी नेऊन अभ्यासण्याची. याच हैदराबादेतील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे ‘भुवन’ हे नकाशादालन २००९ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

तथापि समान भाषा असूनही देण्याची इच्छा नसेल, तर देवघेव होत नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात मोठा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या गल्लीबोळांचा पुरेसा नकाशा मदतपथकांना उपलब्ध नव्हता. उपग्रहचित्रांच्या कंपन्यांनी आपली चित्रे मोकळी केली. देशोदेशीच्या शेकडो स्वयंसेवकांनी त्यांवरून रस्ते, पडलेल्या इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या रेखाटल्या. हे सर्व २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या सामाईक नकाशात भरले गेले. पथकांनी तो नकाशा हातातील यंत्रांवर उतरवून घेतला आणि ती ढिगाऱ्यांकडे निघाली. वापरण्याची परवानगी आधीपासून सर्वांना होती, म्हणूनच हे काही दिवसांत घडले.

भारतात नकाशांवर संरक्षणाच्या कारणाने दीर्घकाळ कडक निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक, अशा दोन नकाशामाला वेगळ्या केल्या. जनतेच्या मालेने एव्हरेस्टचे माप सोडून जागतिक माप स्वीकारले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्था यांना पूर्वपरवानगीच्या जाचातून बव्हंशी मुक्त केले.

श्रोतेहो, परप्रांतात नांदणाऱ्या मराठी समाजाचा या देवघेवीशी आणखी एक संबंध आहे. पूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टंकलिखित होई, तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की गावाच्या नावाऐवजी निरर्थक चिन्हे उमटत. १९९१ पासूनच्या युनिकोडने देवनागरी अक्षरांना सर्वत्र समान क्रमांक दिले आणि हळूहळू तो अडसर दूर झाला. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये स्थळनामांसाठी भाषावार रकाने असून मराठीचाही रकाना आहे. तो भरण्यासाठी कोणत्याही कार्यालयात अर्ज करावा लागत नाही.

काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वृद्ध मंडळींच्या ओठांवर वाड्यांची, गल्ल्यांची, देवळांची जी नावे आहेत, त्यांतील कित्येक कोणत्याही छापील नकाशावर सापडत नाहीत. ती मंडळी गेली की नावेही त्यांच्याबरोबर जातील. या ग्रंथालयातील तरुण सभासदांनी रविवारी दोन-तीन तास काढून ज्येष्ठांसमवेत त्या भागांतून फिरावे, नावे पडताळून घ्यावीत आणि ती सामाईक नकाशात नोंदवावीत. शतकभर ग्रंथांची देवघेव सांभाळलेल्या संस्थेला हे काम परके नाही.