जीवदया आणि चांदोलीचे अरण्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानाचा विषय मंदिराच्या फलकावर लागला, त्याच दिवशी आपल्यातील एका वयोवृद्ध काकूंनी मला थांबवून विचारले, "सर, सागरेश्वरची हरणे पकडून चांदोलीकडे नेली म्हणतात. तिथे वाघ आणलाय. म्हणजे वाघाच्या तोंडी द्यायलाच नेली ना? यात जीवदया कुठे राहिली?" प्रश्न इतका सरळ होता की मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

सागरेश्वर आपण सर्वांनी पाहिले आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडे जगवली आणि १९८५ मध्ये तेथे अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. सोडलेल्या मोजक्या हरणांची शेकडो झाली. उन्हाळ्यात चारा पुरेना, तशी ती कुंपणाबाहेर पिकांत शिरू लागली. शेतकरी हवालदिल झाला आणि हरणेही कुत्र्यांच्या तावडीत सापडू लागली. प्राण्यावर प्रेम केले, पण त्याला पुरेल एवढी जागा नसली, तर त्या प्रेमाचे असे होते.

चांदोलीत जागा आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमेवर ३१७.६७ चौरस किलोमीटरचे हे राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये जाहीर झाले आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. येथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर पडणारा पाऊस दाट रानातून झिरपत वसंत सागरात येतो. त्या धरणाची क्षमता ३४.४० टीएमसी आहे. आपला वारणाकाठचा ऊस त्यावरच उभा आहे, हे सहसा आपल्या ध्यानात नसते.

या रानात २०१८ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात कॅमेऱ्याने वाघ टिपला. दुसरा वाघ राधानगरीच्या बाजूने आला होता. नर वाघ लांबवर भटकत येतो, वाघीण सहसा इतकी दूर जात नाही. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. वाघ वाहनातून आणता येतो, पण त्याचे भक्ष्य, पाणी आणि राधानगरीपासूनची वनवाट तशी आणता येत नाही. ती राखावीच लागते.

आता काकूंचा प्रश्न. तेथे हरीण मरणार नाही, असे मी म्हणणार नाही. वाघ हरीण मारणारच. हरीण हे शांतिनाथांचे लांच्छन, सिंह महावीरांचे; आपल्या परंपरेने दोघांनाही आसनापाशी स्थान दिले आहे. समवसरणाच्या चित्रात गाय आणि सिंह एकत्र पाणी पितात, तो प्रभाव तीर्थंकरांचा. आपल्या हाती फार तर पाणवठा राखणे आहे. शिवाय व्रत वाघाने घेतलेले नाही, आपण घेतले आहे.

म्हणून आपल्याच बांधाकडे पाहू या. नांगरताना जीव मरतात, ती उद्योगी हिंसा. गृहस्थाला ती पूर्णपणे टळत नाही. पण रानडुकरासाठी तारेत वीजप्रवाह सोडणे ही निव्वळ संकल्पी हिंसा आहे, आणि ती तार डुक्कर, बिबट्या की शेजाऱ्याचा मुलगा हे पाहत नाही. तोडणीनंतर पाचट पेटवताना सरीत बिबट्याची पिल्ले आहेत का, हे आपल्यापैकी किती जण पाहतात? (माझ्या घरीही अनेक वर्षे पाचट जाळले गेले, हे प्रामाणिकपणे सांगतो.)

आणखी एक ऋण आहे. या अरण्यासाठी चांदोलीतील गावे उठली. ती माणसे जमिनीसाठी व पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करीत राहिली. अरण्याचे पाणी आपण वापरतो, घर मात्र त्यांनी सोडले.

विश्वस्तांपुढे एक सूचना ठेवतो. आपला जीवदया निधी आजवर पांजरपोळाला जात आला, तो जावाच. त्यातील थोडा भाग रानालगतच्या शेतकऱ्यांना सौर कुंपणासाठी द्यावा. त्याचा झटका जनावराला परतवतो, मारत नाही. त्या यादीत विस्थापितांच्या वसाहती आधी घ्याव्यात. काकू पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांचे समाधान झाले नसेल, तर प्रश्नोत्तरांत त्यांनी मला पुन्हा विचारावे.

जय जिनेंद्र.